मंगळवारचा वर्ग

ऑगस्टाच्या विधानभवनात, तळमजल्यावर,
जिथे बॉयलरची घरघर भिंतीतून येते,
दर मंगळवारी सकाळी सातला
मी बावीस खुर्च्या मांडतो.
गोल मांडायच्या, हे तिचं सांगणं.
समोरासमोर मांडल्या की माणसं
बसण्याआधीच भांडायला लागतात.

ती म्हणजे व्हर्ना थिबोडो.
एकतीस वर्षं मीटर वाचत हिंडली,
अरूस्टुकच्या बटाट्याच्या शेतांतून
पार कॅनडाच्या हद्दीपर्यंत.
कुठला कुत्रा चावतो, कुठला नुसता भुंकतो,
कुणाच्या घरी ऐन जानेवारीत चाक थांबतं,
सगळं तोंडपाठ.
चाक का थांबतं, ते विचारलं तर म्हणते,
वीज तोडलेली असते.
पुढचं बोलत नाही.

पहिल्या मंगळवारी चौघंच आले,
मला वाटतं, कॉफी फुकट होती म्हणून.
त्यातला लेलंड क्विम्बी, बटाटेवाला,
उभ्यानंच म्हणाला,
"बाई, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या?"
"बिलाच्या," ती म्हणाली.
"कुठल्या? सभागृहातल्या?"
"नाही हो. तुमच्या घरी येतं, त्या."

मग तिनं लाकडी पेटी उघडली.
एक दांडा. दोन दिवे.
"फिरवा."
आधी जुना, साठ वॅटचा.
क्विम्बीनं बाह्या सरसावल्या,
पोती उचलून कमावलेले दंड,
मानेची शीर तट्ट फुगली,
आणि दिव्यातली तार जेमतेम तांबूस झाली,
रात्रभर जागलेल्या डोळ्यासारखी.
मग दुसरा, नऊ वॅटचा.
तो दोन बोटांनी लागला.
लख्ख.

कोणी काही बोललं नाही.
मी वाट पाहत होतो, आता ती तात्पर्य सांगेल.
तिनं पेटी बंद केली
आणि साखर कुठे ठेवलीय ते विचारलं.

फेब्रुवारीत बर्फाचं वादळ आलं.
मनगटाएवढं बर्फ चढलं तारांवर,
खांब वाळक्या काटक्यांसारखे मोडले.
चार दिवस काळोख.
क्विम्बीच्या कोठारातले पंखे थांबले,
निम्मा माल गोठला.
आणि पलीकडच्या बाकावरची ओरियान पेल्की,
जी आमदार होण्याआधी नर्स होती,
ती रात्रभर ऑक्सिजनचे सिलिंडर
स्लेजवरून घरोघर ओढत होती.

त्या मंगळवारी खुर्च्या कमी पडल्या.
क्विम्बीनं विचारलं,
"बटाटा ठेवतो तशी वीज ठेवता येते?"
"येते."
"सडते?"
"थोडी. तुमच्या मालापेक्षा कमी."
पेल्की हसली. मग तोही.
मग दोघं एकाच कागदावर झुकून
पैसे मांडत बसली, एकच पेन्सिल,
ती खोडायची, तो लिहायचा.
बॅटरी केवढ्याची, तार केवढ्याची,
काळोखाचे चार दिवस केवढ्याचे.

एप्रिलात मतदान झालं.
विधेयक दोन मतांनी पडलं.
क्विम्बीनं विरोधात मत दिलं.
गॅलरीत मी चरफडलो.
एवढं शिकवलं, एवढी कॉफी पाजली!
खाली तो उभा राहून कारणं देत होता,
खर्च, मुदत, खेड्यांवरचा बोजा,
कागदाकडे न बघता, एकेक आकडा.
मी व्हर्नाकडे पाहिलं.
ती ओठांतल्या ओठांत त्याच्याबरोबर मोजत होती.
"सगळे बरोबर," ती म्हणाली,
आणि कोटाची बटणं लावायला लागली.

मला ते पटलं नाही. अजून पुरतं पटत नाही.

घरी जाऊन मी माझं वीजबिल काढलं.
सतरा वर्षं नुसती रक्कम बघून भरतोय.
चष्मा लावला, कागद उलटा केला,
मागची बारीक अक्षरं वाचायला बसलो.
बायको म्हणाली, झोपायचं नाही का?
म्हटलं, थांब, दिवा राहू दे.
नऊचाच आहे.

मंगळवारी सातला गेलो
तर क्विम्बी माझ्या आधी हजर,
चार खुर्च्या घेऊन,
एकटाच, गोल मांडत.